नाशिकचा उन्हाळा घरीच काढायचाय? नव्याने राहायला आलेल्यांसाठी

नोकरीनिमित्त नाशिकला आलेली मंडळी पावसाळ्यात आणि थंडीत शहरावर खूश असतात. एप्रिल लागला, द्राक्षं संपत आली की तीच मंडळी विचारायला लागतात, "आता सुट्टीत कुठं जायचं?" माझं उत्तर ठरलेलं आहे. एक तरी उन्हाळा इथंच, घरी काढा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पण पहाट आणि संध्याकाळ बहुतेक दिवस बाहेर बसण्यासारखी असते. घरातली माणसं, शेजारी आणि दाराशी येणारी पाखरं या तिघांना एकत्र वेळ देता येतो तो याच दिवसांत, कारण शाळा बंद असतात आणि दुपारी कुणालाच कुठं जायचं नसतं.

खाली सांगितलंय ते दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही जमतं. मळ्यातलं घर असेल, पुढे अंगण असेल तर उत्तमच. नसेल तर एक बाल्कनी किंवा सोसायटीची गच्ची पुरते. पहिली पायरी मात्र गाळू नका.

पायरी १: पाण्याचं परळ ठेवा

कुंभाराकडून मातीचं पसरट परळ आणा. कडा बुटक्या हव्यात आणि पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको. मधोमध एक खडबडीत दगड ठेवा. चिमणीसारख्या लहान पाखराला त्यावर उतरून बेताबेताने पाण्यात शिरता येतं, आणि पाण्यात पडलेली मधमाशी त्यावर चढून वाचते. प्लॅस्टिकचा डबा किंवा स्टीलची थाळी टाळा, उन्हात दोन्हींतलं पाणी कढत होतं. माती पाझरते, म्हणून तिच्यातलं पाणी गार राहतं.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. दुपारी सावली हवी. मांजरीला दबा धरून बसता येईल असं झुडूप किंवा कोपरा अगदी लगत नको. आणि पाखराला आधी बसून कानोसा घेता येईल अशी एखादी फांदी, दोरी किंवा कठडा जवळ हवा. पाखरू थेट पाण्यावर उतरत नाही, आधी आजूबाजूला बघतं.

पाणी रोज बदला. आठवड्यातून दोनदा परळ नारळाच्या शेंडीने नाहीतर ब्रशने घासून उन्हात कोरडं करा, साबण लावू नका. हे केवळ स्वच्छतेपुरतं नाही. डेंगीचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत, घासावंच लागतं. सोसायटीत कुणी "डास होतील" म्हणून हरकत घेतली तर हे शांतपणे समजावून सांगा, आणि घासायचं काम मुलांकडे द्या.

दाण्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आधी फक्त पाणी ठेवा. दाणे टाकले की कबुतरं येतात, आणि ती आली की बाकीची पाखरं मागे हटतात. थोडे दाणे ठेवायचेच असतील तर बाजरी किंवा तांदळाची कणी मूठभर, तीही सकाळीच. शेव, फरसाण, बिस्किटं अजिबात नकोत. त्यातलं मीठ आणि तेल पाखरांना बाधतं.

सुरुवातीचे काही दिवस कुणी फिरकलं नाही तरी परळ हलवू नका. पाखरांना जागेचा भरवसा यायला वेळ लागतो. बहुतेक ठिकाणी आधी येतात बुलबुल आणि साळुंक्या. कावळा आला की वाळकी पोळी पाण्यात बुडवून, मऊ करून खाईल आणि पाणी खराब करून जाईल. त्याला हाकलू नका, पाणी बदला.

पायरी २: बसायची एक वेळ ठरवा, आणि आधी ऐका

मे महिन्यात नाशिकला सहाच्या सुमाराला सूर्य उगवतो. साडेपाच ते साडेसात ही वेळ सोन्याची आहे. चहा घेऊन गॅलरीत बसा, फोन आत ठेवा. ओळख डोळ्यांनी नंतर होते, आधी कान तयार होतात.

उजाडायच्या आधीपासून चढत्या पट्टीत "कुऊ" चालू असतो तो कोकीळ. गाणारा नर, काळा कुळकुळीत. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि ती गात नाही, "किक-किक-किक" करत उडते. अँटेनावर किंवा टाकीच्या टोकावर बसून लांबलचक, गोड शीळ घालणारा काळा-पांढरा पक्षी म्हणजे दयाळ. खोल, घुमल्यासारखा "हूप-हूप" झाडीतून आला तर तो भारद्वाज, काळ्या अंगाचा, विटकरी पंखांचा, लाल डोळ्यांचा. आणि भर दुपारी, सगळं सुन्न असताना, एका लयीत "टुक्‌-टुक्‌-टुक्‌" चालतं ते तांबटाचं. तो हिरवा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, कपाळावर लाल ठिपका असलेला पक्षी आहे. आवाज सगळीकडून येतो असं वाटतं, पण शोधायचा तो झाडाच्या शेंड्यावरच्या उघड्या फांदीवर.

आवाज ओळखण्यासाठी मर्लिन नावाचं मोफत ॲप आहे. ते फोनच्या माइकवरून ऐकून नाव सुचवतं. सुरुवातीला मदत होते, मात्र त्याने सुचवलेला पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत लिहायचा नाही, असा नियम घरात करा.

वही हवीच. शाळेची उरलेली, अर्धी कोरी वही चालते. तारीख, वेळ, काय दिसलं, काय करत होतं एवढंच लिहायचं. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना सांगू द्या आणि नातवंडांना लिहू द्या. आजोबांना साळुंकी, होला, सुतार, पिंगळा ही नावं तोंडपाठ असतात आणि नातवंडाला स्पेलिंगसकट इंग्रजी नावं येतात. दोघांचं छान जमतं.

मे-जूनमध्ये कावळे घरट्यांवर असतात. तेव्हा झाडाखालून जाताना ते डोक्यावर झेप घेतात, टोचाही मारतात. घाबरू नका, छत्री उघडा किंवा थोडे दिवस दुसऱ्या बाजूने जा. त्यांच्या घरट्यात कोकिळेची अंडी असू शकतात. पुढे जूनमध्ये कावळीच्या मागे मागे, पंख थरथरवत खाऊ मागणारं वेगळ्याच आवाजाचं पिल्लू दिसलं, तर नीट बघा. ते कोकिळेचं असेल.

पायरी ३: घरटं दिसलं तर

उन्हाळा हा आपल्याकडच्या बऱ्याच पाखरांचा विणीचा काळ, त्यामुळे घरटं दिसणारच. बुलबुलाला मधुमालतीची वेल, टांगलेली कुंडी, बाल्कनीतला दिवा, काहीही चालतं. वाटीएवढं घरटं, त्यात दोन-तीन गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची अंडी. उबवायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं उडायला त्यानंतर आणखी दोन आठवड्यांच्या आतबाहेर, म्हणजे महिनाभराचा पाहुणचार.

मला सगळ्यात आवडतं ते शिंजिराचं घरटं. वीणकाळात नर निळा-जांभळा, चकचकीत, आणि मादी साधी, पोटाखाली पिवळट. घरटं एकटी मादी बांधते. खिडकीच्या जाळीला लागलेली कोळिष्टकं ती चोचीने ओढते, चोचीवर गुंडाळते आणि फांदीच्या टोकाला पहिला धागा चिकटवते. मग त्यात वाळकं गवत, सालीचे तुकडे, कापूस, कधी अळ्यांची विष्ठासुद्धा अडकवत जाते. काही दिवसांत लोंबती पिशवी तयार होते. तिला बाजूने एक गोल दार, आणि दारावर इवलीशी पडवी. आत बसलेल्या मादीची फक्त बाकदार चोच बाहेर दिसते. बाहेरून पाहिलं तर फांदीला कचरा अडकल्यासारखं वाटतं, म्हणूनच झाडलोट करताना लोक ते ओढून टाकतात. बाल्कनीतला लोंबता "कचरा" काढण्याआधी दार शोधा. उन्हाळ्यात खिडकीबाहेरची कोळिष्टकंही थोडी राहू द्या.

घरट्याचे नियम सोपे आहेत. हात लावायचा नाही, फांदी बाजूला सारून फोटो काढायचा नाही, दिवसातून दहा वेळा डोकवायचं नाही. दोन-तीन हातांवरून, पडद्याआडून बघा. त्या कुंडीला पाणी घालताना बाजूने हळूच घाला.

जमिनीवर पिल्लू सापडलं की सगळे गडबडतात आणि त्याला खोक्यात घालून दूध पाजतात. दूध कधीही पाजू नका. अंगावर पिसं आली असतील, उड्या मारता येत असतील तर ते उडायला शिकतंय. आईबाप जवळच असतात आणि भरवत असतात. मांजर-कुत्र्यापासून वाचेल अशा झुडपात किंवा फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. पिसं नसलेलं पिल्लू असेल आणि घरटं सापडत असेल तर अलगद परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लाला टाकते, ही समजूत चुकीची आहे. आणि पोपट, मुनिया पकडून पिंजऱ्यात पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मुलांनी हट्ट केला तरी आणायचा नाही.

चिमण्यांसाठी लाकडी खोकं लावायचं असेल तर भोक ३२ मिलिमीटरचं, म्हणजे सव्वा इंचाच्या आसपास ठेवा, त्यातून साळुंकी शिरत नाही. आठ-दहा फुटांवर, पंख्यापासून दूर, ऊन थेट भोकावर येणार नाही अशा भिंतीला लावा. २० मार्चला जगभर जो चिमणी दिन पाळला जातो, तो आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने सुरू झाला. पहिला २०१०मध्ये साजरा झाला. चिमणी पिल्लांना दाणे नाही, अळ्या आणि किडे भरवते, म्हणून खोकं लावलंत तर बाल्कनीतल्या झाडांवर कीटकनाशक मारू नका. सोसायटीच्या आवारात वठलेली फांदी असेल आणि ती कुणाच्या डोक्यावर पडण्यासारखी नसेल, तर पावसाळ्यापर्यंत राहू द्या. तांबट अशाच फांदीत भोक पाडून घर करतो.

पायरी ४: गच्चीवर वाळवण घाला

हे वाचून नव्या मंडळींना वाटेल, पाखरांच्या लेखात कुरडया कुठून आल्या? पण उन्हाळ्यात घरचे, शेजारचे आणि पाखरं एका ठिकाणी जमायची खरी जागा म्हणजे वाळवणाची गच्ची.

कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. मग ते वाटून, पिळून चीक काढायचा, रात्रभर तसाच ठेवून सकाळी वरचं पाणी ओतून द्यायचं. तळाशी बसलेला पांढराशुभ्र चीक मीठ-हिंग घालून मंद आंचेवर शिजवायचा. एकीने ओतायचं आणि दुसरीने सतत घोटायचं, हे एकटीचं काम नाही. शिजलेला, पारदर्शक होत आलेला चीक साच्यात भरायच्या आधी मुलं वाट्या घेऊन हजर असतात. गरम चीक, वर तेल किंवा दूध-साखर, ज्याला जे आवडेल ते. कुरडयांपेक्षा जास्त आठवण याचीच राहते.

पहिल्यांदाच करत असाल तर व्हिडिओ बघण्याआधी इमारतीतल्या एखाद्या वयस्कर काकूंना किंवा मावशींना विचारा. "काकू, मला कुरडया शिकवाल का?" एवढं विचारल्यावर नाही म्हणणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. पापड लाटायला तर बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात, आणि उडदाच्या लाट्या कच्च्या खायला पुरुषमंडळीही हळूच येतात. नाशिकच्या बाजारात नागली, म्हणजे नाचणी, सहज मिळते, पेठ-सुरगाणा-त्र्यंबकच्या डोंगराळ भागात ती पिकते. तिचे पापड जरूर करून बघा.

वाळवण घातलं की राखण आली. चिमण्या, साळुंक्या आणि खारी येणारच. मुलांना सावलीत बसवा, हातात काठी नको, टाळी पुरते. खार मागच्या पायांवर बसून, दोन्ही हातांत कुरडईचा तुकडा धरून, फिरवत फिरवत खाते. राखण करायला बसलेलं पोर ते बघत बसतं आणि टाळी वाजवायची राहून जाते. कोपऱ्यात चुरा झालेला थोडा भाग पाखरांसाठी वेगळा ठेवा, पण मीठ घातलेला नको. शिजवण्याआधीच मूठभर भिजलेले गहू बाजूला काढले की काम होतं.

गच्चीवर असताना आणखी एक गंमत. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २० मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सपाट जागी स्टीलचा सरळ पेला पालथा ठेवा. काही क्षण त्याला सावलीच राहत नाही. टोप्या घालून, पाणी पिऊन वर जा आणि बघून लगेच खाली या.

पायरी ५: एक कढीपत्ता फुलपाखरांसाठी

कुंडीतल्या कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या पानांवर पाखराची शीट पडल्यासारखं काही दिसलं, तर पुसू नका. ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी असते. ते रूप तिला वाचवतं. वाढली की ती हिरवीगार होते. काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून केशरी, दुभंगलेलं शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एकदाच बघा, पुन्हा पुन्हा डिवचू नका. मग ती कोष करते आणि बरं हवामान असेल तर आठवड्या-दीड आठवड्यात फुलपाखरू बाहेर येतं, बहुतेक वेळा सकाळी. पंख सुकेपर्यंत ते उडत नाही, तेव्हा सगळ्यांना उठवून दाखवायला वेळ मिळतो. स्वयंपाकाचा कढीपत्ता वेगळ्या कुंडीत लावा, म्हणजे भांडण नको.

सोबत तुळस, जास्वंद, सदाफुली असू द्या. पाणी सूर्य मावळल्यावर घाला आणि कुंडीत वाळक्या पानांचा थर पसरा, ओल टिकते. आवारातला पालापाचोळा जाळू देऊ नका. सरडे, साळुंक्या आणि सातभाई त्यातच किडे शोधतात. या दिवसांत सरड्याच्या नराचं डोकं-गळा लालभडक होतो आणि तो कुंपणावर बसून जोर काढतो. त्याला विष नसतं. मारणाऱ्या मुलांना थांबवा.

पायरी ६: रविवारी पहाटे मित्रांसोबत बाहेर

एक-दोन कुटुंबं मिळून निघा, सहाला पोचा, नऊला परत फिरा. सुरुवातीला गंगापूर रोडकडचं गोदापार्क किंवा पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान. वड-उंबर फळले असतील तर खाली थांबून वर बघत राहा. हिरवे-पिवळे, पानांत मिसळून गेलेले पक्षी हळूच हलले तर ते हरियाल, आपला राज्यपक्षी. रस्त्याकडेला बहावा आणि ताम्हण फुललेले दिसतील. ताम्हण हे राज्यफूल, जांभळं, चुरगळलेल्या कागदासारख्या पाकळ्यांचं. परतताना मिसळ ठरलेलीच. शहराच्या कडेला झाडांखाली बसून खायच्या जागा भरपूर आहेत, आणि तिथंही कान उघडे ठेवले तर तांबट ऐकू येतो.

नांदूर मध्यमेश्वरला आत्ता जाऊ नका. निफाड तालुक्यातलं हे पक्षी अभयारण्य २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं आणि बघण्यासारखं आहेच, पण त्याची शोभा थंडीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवा. मे महिन्यात त्र्यंबक-हरसूलकडच्या बाया टोपल्यांतून करवंदं, जांभळं आणतात, ती मात्र सोडू नका. घासाघीस न करता घ्या. संध्याकाळी घरच्यांना घेऊन गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, चक्कर मारा. मे महिन्यात तिथं वसंत व्याख्यानमाला भरते, आजी-आजोबांसाठी तो मोठा आनंद असतो.

काळजी कशाची घ्यायची

अकरा ते चार मुलं उन्हात नकोत. साप दिसला तर मारू नका, पकडू नका. नजर ठेवा, माणसांना दूर करा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. आवारात बऱ्याचदा दिसते ती धामण, बिनविषारी आणि उंदीर खाणारी, पण ओळख पक्की नसताना जवळ जायचं नाही. नाशिकच्या आसपास उसाचं पीक मोठं आहे आणि त्यात बिबट्या राहतो, अधूनमधून शहरातही येतो. मळ्यांच्या भागात राहत असाल तर अंधार पडल्यावर मुलांना एकटं अंगणात सोडू नका, दिवा लावा, बोलत चाला. दिसला तर पाठ दाखवून पळू नका, गर्दी करून घेरू नका. फोन नंबर तोच, १९२६.

गावाला जाताना

आठ दिवस का होईना, कुठंतरी जाणं होतंच, आणि आपण नेमके निघतो ते कडक उन्हात. परळाला सरावलेली पाखरं तेव्हाही येत राहतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी परळ, घासायचा ब्रश आणि वही शेजारच्या घरी पोचवा. पाणी रोज किती वाजता बदलायचं, ते सांगा. बुलबुलाचं घरटं कुठल्या कुंडीत आहे, तेही दाखवून ठेवा. शेजारच्या मुलांना वहीत लिहायची मोकळीक द्या. परत आल्यावर चहाला बोलावा आणि त्यांनी काय काय पाहिलं ते त्यांच्याच तोंडून ऐका. पुढच्या खेपेला ते गावाला निघाले की त्यांचं परळ तुमच्याकडे येईल.